जुनं नाव जातं कुठे?

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. आपण रोज कामाला जातो, डबा खातो, वीज गेली की पुठ्ठ्याने वारा घेत बसतो. आणि मग काही वर्षांनी जुनी माणसं भेटतात तेव्हा कळतं की कामाचं कोणी बोलतच नाहीये, सगळ्यांना फक्त "तो आंब्याचा सांग ना!" एवढंच हवं असतं! माझ्याकडे असे बरेच साठलेत. बहुतेक सगळे एकाच खोलीतले.

ती खोली म्हणजे रत्नागिरीत, रामआळीच्या मागच्या अंगाला बापूकाकांच्या घराचा तळमजला. दोन हजार सालाच्या आगेमागे गावात कॉम्प्युटर क्लासचं पेवच फुटलं होतं. लिमये सरांनीही मुंबईची नोकरी सोडून तिथे क्लास काढला आणि जोडीला वेबसाइट बनवायला घेतल्या. माणसं आम्ही चारच. सर, प्रोग्रॅम लिहिणारी अबोली, तिच्या हाताखाली शिकणारा नाटे गावचा संदेश, आणि मी. मी डीटीपीवाली. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, दहाव्याची कार्डं. प्रोग्रॅमिंगमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण भोचकपणा जन्मजात! त्यामुळे "हे काय?", "ते असं का?" हे प्रश्न दिवसभर चालू. सरांची उत्तरं संपायची, माझे प्रश्न नाही.

अबोली नावाला अजिबात न जागणारी मुलगी. अखंड बडबड. समोर कोणी नसलं तर कॉम्प्युटरशी बोलायची. "काय रे मेल्या, आता काय झालं तुला?" असं ऐकू आलं की समजायचं, एरर आली.

त्या वर्षी आमच्याकडे एका गावच्या मुंबईकर मंडळाचं काम आलं. सगळ्या घरांची नावनिशी वेबसाइटवर हवी. आणि मंडळाची खास अट अशी, की "लग्न झालं की सुनेचं नाव बदलतं, ते बदलायची सोय पाहिजे." हे काम गेलं अबोलीकडे. आणि नेमकं त्याच महिन्यात तिचं लग्न ठरलं!

मुलगा चिपळूणचा, शाळेत गणित शिकवणारा. सगळं जमलं आणि बैठकीत होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "अबोली नाव काही बरं वाटत नाही बाई. घरात अबोला असल्यासारखं. आम्ही आरती ठेवू."

अबोलीने अंगणात मुलाला गाठलं आणि सरळ सांगितलं, "मला माझं नाव हवंय. बाकी तुम्ही म्हणाल ते."

मुलगा म्हणाला, "बघू."

आता चिपळूणच्या माणसाचं 'बघू' म्हणजे हो की नाही, हे रत्नागिरीच्या माणसाला कसं कळावं? तेव्हा चित्र असं, की दिवसभर लोकांच्या सुनांची नावं बदलायचा प्रोग्रॅम लिहायचा आणि डोक्यात ते 'बघू' घेऊन घरी जायचं.

*

"सर, ऑब्जेक्ट म्हणजे काय हो?" हा माझा पहिला प्रश्न.

सर म्हणाले, "तुमच्या घरी मिसळणाचा डबा आहे ना? प्रत्येक वाटीवर लेबल लावलंय असं समजा. हळद, मोहरी, जिरं. लेबल म्हणजे 'की', के-ई-वाय. वाटीत आहे ती व्हॅल्यू. दोन्ही मिळून प्रॉपर्टी. आणि अख्खा डबा म्हणजे ऑब्जेक्ट."

"मग लेबल बदलायचं असेल तर?"

"बदलता येत नाही."

"म्हणजे?"

"जावास्क्रिप्टमध्ये लेबल खोडून नवं लिहायची सोयच नाही. नवी वाटी घ्यायची, नवं लेबल लावायचं, जुन्या वाटीतली हळद तिच्यात ओतायची, आणि जुनी वाटी टाकून द्यायची. डिलीट!"

मी म्हटलं, "अहो, पण बदलायचं फक्त लेबल ना? मग वाटी का टाकायची?"

सर चष्मा पुसत बसले. चष्मा पुसायला घेतला म्हणजे उत्तर नाही, हे एव्हाना आम्हाला ठाऊक होतं.

एके दिवशी या कामात अबोलीने भलतंच काहीतरी डिलीट केलं आणि जोरात ओरडली, "सर, की गेली! की सापडत नाहीये!" मग तिघंही "की कुठे गेली, कशी गेली" करत स्क्रीनवर वाकले. वर बापूकाका झोपाळ्यावर. त्यांना बाकी काही ऐकू येत नसे, पण घराबद्दल काही बोललं की बरोब्बर येई. अर्ध्या तासाने ते बाजारातून किल्लीवाल्याला घेऊन दारात हजर!

"कुणी हरवलीन् किल्ली? आता कुलूपच बदलून टाका. गावभर माझ्या घराच्या किल्ल्या नकोत!"

सरांनी त्यांना कॉम्प्युटरमधली की समजावून सांगितली. बापूकाकांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि किल्लीवाल्याला म्हणाले, "तू बदल रे. ह्यांच्या कॉम्प्युटरमधून हरवते तर दारातून हरवायला कितीसा वेळ!"

कुलूप बदललं. नवीन किल्ली अबोलीकडे द्यायची नाही असं ठरलं.

*

मंडळाच्या वेबसाइटवर मराठी अक्षरं धड दिसत नसत, नुसते डबे डबे उमटत. म्हणून सगळी नावं इंग्रजी अक्षरांत. त्यात 'अध्यक्ष' लिहिताना शेवटी एक 'ए' जास्त पडला आणि मंडळाचे अध्यक्ष झाले 'अध्यक्षा'! हे अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तर, भरघोस मिशांचे. त्यांचा मुंबईहून फोन आला, तो मीच घेतला. त्यातलं फारसं लिहिण्यासारखं नाही.

दुरुस्ती करायला दिली संदेशला. कृती त्याला माहीत होती, पण घाईत उलटी केली. आधी जुनी वाटी टाकून दिली आणि मग तिच्यातली हळद ओतायला गेला! आता टाकलेल्या वाटीत कसली हळद? पानावर लेबल अगदी शुद्ध आलं, 'अध्यक्ष', आणि त्याच्यापुढे हेडमास्तरांच्या नावाच्या जागी 'अनडिफाइन्ड', म्हणजे कोण ते ठरलेलंच नाही!

पुन्हा फोन. या वेळी हेडमास्तर नव्हते, मंडळातल्या विरुद्ध पार्टीचे एक गृहस्थ होते. आवाज इतका गोड की मला वाटलं, पेढे पाठवताहेत.

"तुमचा कॉम्प्युटर एकदम हुशार आहे हो! आम्ही दर सभेत तेच सांगतोय, तर कोणी ऐकत नाही. एवढंच राहू द्या, काही बदलू नका!"

*

आता तो आंब्याचा.

लूप म्हणजे काय, तर डब्यातल्या एकेक वाटीपाशी जायचं, लेबल वाचायचं, आत काय ते बघायचं, पुढच्या वाटीकडे जायचं. मला हे फार आवडलं होतं. एक ओळ लिहायची आणि तो बापडा एकही वाटी न चुकवता सगळा डबा फिरून येणार!

बापूकाकांची कलमांची बाग होती. त्यांनाही वेबसाइट हवी झाली, कारण शेजाऱ्याच्या पुतण्याने काढली होती. संदेशने लूप लावून आंब्याच्या जातींची यादी पानावर आणली. हापूस, पायरी, रायवळ. इथपर्यंत ठीक होतं. पण सरांनी त्याआधी एक शहाणपणा करून ठेवला होता. जावास्क्रिप्टमध्ये सगळ्या ऑब्जेक्टांचा एक मूळपुरुष असतो. त्याला जे येतं ते सगळ्या वंशजांना आपोआप येतं. सरांनी त्या मूळपुरुषालाच वस्तू मोजायचं काम शिकवलं होतं आणि त्या कामाचं नाव ठेवलं होतं 'मोजणी'. लूप इतका प्रामाणिक, की त्याने आपल्या वाट्या दाखवल्याच, वर मूळपुरुषाकडून आलेलीही दाखवली!

पानावर आलं: हापूस, पायरी, रायवळ, मोजणी.

पुण्याहून एका गिऱ्हाइकाचा फोन. बापूकाका वरून इतक्या मोठ्याने बोलत की त्यांचं फोनवरचं सगळं आम्हाला खाली ऐकू येई.

"मोजणी? ... हो हो, मोजणी! ... नाय हो, तो झाडावरच ठरतो सगळा. आता पुढच्या मोसमात बघा. ... गोड ना! विचारता काय!"

फोन ठेवून काका लगबगीने खाली आले, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच सरांना म्हणाले, "काय हो, ही मोजणी कुणाच्या बागेत आहे? एखादं कलम मिळेल काय?"

*

यावर उपाय असतो. लूप फिरताना प्रत्येक वाटीला विचारायचं, "तू या डब्याची स्वतःची, की मूळपुरुषाकडून आलेली?" तिने "स्वतःची" म्हटलं तरच पानावर घ्यायचं. या प्रश्नाचं इंग्रजी नाव भलतंच लांबलचक होतं. सर ते फळ्यावर लिहून समजावत होते आणि संदेश जांभया देत होता. आणि एकदम ताठ बसला.

"सर, म्हणजे बंदरावर मासळीचे वाटे घालतात तसं! आमची होडी आज्याची. जाळं बाबांचं स्वतःचं. वाटा घालताना आधी विचारायचं, ह्यातलं तुझं काय आणि आज्याकडून आलेलं काय!"

सर हरखले. इतक्या वर्षांत त्यांना एवढा चांगला दाखला सुचला नव्हता. "शाब्बास! बघा, ह्याच्या घरी हे पिढ्यान् पिढ्या चाललंय!"

"नाय सर," संदेश म्हणाला. "आमच्याकडे कोणी विचारीतच नाय. म्हणून तर बाबा आणि काका बोलत नायत."

*

अबोलीचा प्रोग्रॅम तयार होत आला तेव्हा तिला चाचणीसाठी नाव हवं होतं. मी म्हटलं, माझं घे. मी तेव्हा सगळ्यांची मंगलताई. सासरी ठेवलेलं नाव मंगल, माहेरचं कुंदा. घरात कुंदा म्हणणारं आता कोणी उरलं नव्हतं.

"मग उलटं करून बघू," अबोली म्हणाली. "मंगलची कुंदा करू!"

तिने बटण दाबलं. पानावरची मंगल गेली. मी शोधते तर कुंदा कुठे दिसेना. वरून खाली सगळी नावं वाचत गेले, तर शेवटी, अगदी तळाला, कुंदा! इतक्या वर्षांनी आपलं नाव छापलेलं बघितलं. खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. पण माझा स्वभाव असा की डोळे पुसायच्या आधी प्रश्न.

"सर, ही शेवटी का गेली? मंगल तर मध्ये होती!"

"नवी वाटी ना ती. नवं नाव लागलं की रांगेत शेवटी उभं राहायचं. आधी आलेले आधी."

"ते माहितीये हो," मी म्हटलं. "सासरी पहिले दोन सण जेवायला शेवटीच बसले होते!"

संदेश हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला. अबोली मात्र हसली नाही. स्क्रीनकडे बघत म्हणाली, "सर, जुनं नाव जातं कुठे?"

"कुठे जात नाही. नसतंच मग."

"आणि व्हॅल्यू?"

"ती आहे तशीच राहते. तिला काही होत नाही."

"काही होत नाही असं तिला विचारलंय का कोणी?" अबोली म्हणाली.

सरांनी चष्मा पुसायला घेतला. त्या दिवसापासून तिने मला कुंदाताई म्हणायला सुरुवात केली, ती आजतागायत.

*

लग्न तोंडावर आलं. पत्रिका अर्थात मीच केली. 'चि. सौ. कां. अबोली' ही ओळ मी चार वेगवेगळ्या फॉन्टमध्ये लावून बघितली आणि शेवटी सगळ्यात ठसठशीत होता तो ठेवला. म्हटलं, निदान पत्रिकेत तरी दणकून दिसू दे. चिपळूणहून 'बघू'च्या पुढे एक अक्षर आलं नव्हतं. अबोलीने परत विचारलं नाही. "एकदा सांगितलंय. दोनदा सांगायला मी काय एरर मेसेज आहे?" म्हणाली.

रजेवर जायच्या आदल्या दिवशी ती प्रोग्रॅमवरून शेवटचा हात फिरवत होती. यादीत तिने चाचणीसाठी स्वतःचं नाव घातलं होतं. काय मनात आलं कोण जाणे, जुनं नाव या रकान्यात तिने लिहिलं अबोली, आणि नवं नाव या रकान्यातही लिहिलं अबोली. बटण दाबलं.

अबोली पानावरून नाहीशी झाली.

वरून खाली बघितलं, खालून वर बघितलं. तळालासुद्धा नव्हती. नाव नाही, गाव नाही, काही नाही. मला तर धस्सच झालं. शकुन-अपशकुन मी मानत नाही असं म्हणते, पण त्या दिवशी मी मानला!

सर धावत आले, बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, नाव तेच दिलंस ना! प्रोग्रॅमने अबोलीतली हळद अबोलीतच ओतली, आणि मग जुनी वाटी म्हणून तीच टाकून दिली!"

अबोली पहिल्यांदाच नावाला जागली. मग म्हणाली, "म्हणजे सर, नाव नाही बदललं तर माणूसच जातं?"

लिमये सरांनी या वेळी चष्म्याला हात लावला नाही. "प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने विचार केला नसेल तर जातं," ते म्हणाले. "ऊठ, मी लिहितो." आणि तिच्या खुर्चीत बसून त्यांनी वर एक ओळ घातली: जुनं नाव आणि नवं नाव एकच असेल, तर कशालाही हात लावू नये.

*

लग्नाला आम्ही तिघंही सकाळच्या गाडीने चिपळूणला गेलो. बापूकाकासुद्धा आले, किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचून.

लग्न लागलं, जेवणं झाली. लक्ष्मीपूजन कार्यालयातच उरकायचं होतं. पाट मांडले. भटजींनी ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्या मुलाच्या हातात अंगठी दिली. "लिहा नाव." मुलाकडच्या बायका पेढ्याचं ताट घेऊन सज्ज. सासूबाई पुढेच बसलेल्या. मी संदेशच्या खांद्याला धरून टाचा उंच केल्या. अबोली मान खाली घालून बसली होती. मुंडावळ्यांमुळे चेहरा दिसत नव्हता, पण पायाचा अंगठा पाटाला घट्ट रोवलेला दिसत होता. इतकी तर मी माझ्या वेळी घाबरले नव्हते.

मुलाने अंगठी टेकवली. पाटीवर बोट फिरवणाऱ्या पोरासारखं सावकाश लिहिलं. भटजींनी वाकून वाचलं, ताट फिरवलं, पुन्हा वाचलं.

"अबोली?" ते म्हणाले. "अहो, हे जुनंच आहे की. इथे नवीन नाव लिहायचं असतं."

"जुनं तिच्या घरी," मुलगा म्हणाला. "आमच्या घरात या नावाचं आजवर कोणी नव्हतं. म्हणजे नवीनच."

पेढ्याचं ताट धरलेल्या बाईला पेढे वाटायचे की नाही ते कळेना. सगळे सासूबाईंकडे बघायला लागले. सासूबाई ताटातल्या तांदळाकडे बघत होत्या. मग त्यांनी पदर सावरला आणि मुलाला म्हणाल्या,

"ते ठीक आहे रे. पण मी एवढी भांडी आरती नाव कोरून आणल्येत, त्यांचं काय करू?"

मुंडावळ्यांच्या आडून, सकाळपासून पहिल्यांदा, नवरीचा आवाज आला.

"आई, तुम्ही काळजी करू नका. लूप लावून बदलू!"

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं.

"काय लावून?"